पडद्यावरचा ट्रंपेटवाला

देहूरोडच्या माणसाला मूळ गाव विचारलं की उत्तर हमखास लांबचं येतं. कुणी वेल्लोर सांगतो, कुणी गुलबर्गा, कुणी सोलापूर. आमच्यासारखी मावळातली घरं इथं होतीच, पण दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लष्कराचा डेपो वाढला आणि त्याच्या पोटाला चारी दिशांची माणसं येऊन चिकटली. तुकोबांचं देहू इथून दोन हाका अंतरावर. ते गाव जुनं, आणि आमचं त्याच्या नावावर जगणारं. तरी आमच्या गावालाही स्वतःचं असं काही आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती इथल्या विहारात आपल्या हातांनी बसवली. आमच्या आबांनी तो दिवस पाहिला होता. गर्दी सांगायला त्यांना कधीच आकडा सापडायचा नाही. ते नुसते हात पसरायचे.

अशा गावात एखादा गोवेकर असणं नवलाचं नव्हतं. आमच्या लायनीत, चार घरं सोडून, एक होते. डेपोच्या स्टोअरमध्ये कारकून. सगळे त्यांना बँडवाले काका म्हणत, कारण नोकरीला लागण्यापूर्वी ते हॉटेलांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. पहिला नव्हे, दुसरा किंवा तिसरा ट्रंपेट; हे ते स्वतःच सांगत आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. पावसाळ्यात मुंबईची घोड्यांची शर्यत पुण्याला हलायची, तिच्यामागे पैसेवाले यायचे, पैसेवाल्यांमागे बँड. 'देहूरोडवरून कितीदा गेलो, पण गाडी थांबली तरी खाली पाय कधी ठेवला नाही,' ते म्हणायचे. 'शेवटी ठेवला तो कायमचाच.'

काकांच्या तोंडी एकाच माणसाचं नाव सतत असायचं. चिक. पूर्ण नाव चिक चॉकलेट. आम्हा पोरांना वाटायचं, हा सर्कशीतला विदूषक असणार. आबांना वाटायचं, काका थापा मारतात. चिकच्या शेजारी बसून वाजवलं की चिक वाजवत असताना दाराशी उभं राहून ऐकलं, यावरून दोघांची वर्षानुवर्षं जुंपायची. आबा गेले, मागोमाग काकाही गेले, आणि तो खटला निकालाविना राहिला. मी पुढे मोठेपणी काकांच्या गोष्टी नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या 2012च्या पुस्तकाशी आणि जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावळ्यांशी ताडून पाहिल्या. स्वतःबद्दल काका थोडं वाढवून सांगत असतीलही. चिकबद्दल त्यांनी फारसं वाढवलेलं नव्हतं.

चिकचं खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म 1916, बार्देशातल्या हळदोण्याचा. म्हापसा नदीच्या काठी सेंट थॉमसचं मोठं चर्च असलेलं हे गाव. पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यात चर्चला जोडून शाळा असे आणि तिथले मेस्त्री मुलांना प्रार्थनेबरोबर पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. आधी तोंडी स्वर म्हणायचे, मग कागदावरचे वाचायचे, मग हातात व्हायोलिन. चुकलं की बोटांवर छडी. हेतू एवढाच की रविवारच्या मिस्साला आणि सणाच्या मिरवणुकीला गावात वाजवणारे गाणारे मिळावेत. पण गोव्यात नोकऱ्या कुठं होत्या? ती मुलं मोठी होऊन मुंबई गाठायची, धोबीतलावच्या आसपास आपल्या गावाच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, एका पेटीएवढी जागा मिळवायची आणि मग जहाजावर, पलटणीच्या बँडात, मूकपटाच्या पडद्याखाली किंवा हॉटेलात, जिथं कागद वाचून वाजवणारा माणूस लागेल तिथं उभी राहायची. चिकच्या आईची इच्छा होती की पोरानं मेकॅनिक व्हावं, चार पैसे धडपणे मिळवावेत. काका ही गोष्ट सांगताना हसायचे. 'आणि मी बघ, वाजवणं सोडून स्टोअरात नट-बोल्ट मोजतोय. माझी आवय खूश झाली असती.'

नावांचं तेव्हा असंच होतं. चिक हे घरच्या लाडाच्या 'चिको'वरून आलेलं, चॉकलेट हे रंगमंचासाठी. सॅक्सोफोनवाले रूडी कॉटन मूळचे पारशी, कावस खटाव. फ्रँक फर्नांड म्हणजे कुडचड्याचे फ्रँकलिन फर्नांडिस. क्रिस पेरी म्हणजे मडगावचे ख्रिस्तोव्हाँ परेरा. हॉटेलच्या दारावरच्या पाटीला अमेरिकन वास लागायचा, आणि तो लावून घ्यायला या मंडळींची हरकत नसे. पोटाचा प्रश्न होता.

तो अमेरिकन वास आला कुठून, हे मात्र सांगायला हवं. 1935 साली लिऑन ॲबी हे कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझचा ताफा घेऊन मुंबईच्या 'ताज'मध्ये आले. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आले. हे ट्रंपेटवाले तेव्हाच पन्नाशी ओलांडलेले. न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीझ युरोप यांच्या वाद्यवृंदाची 1913 साली ध्वनिमुद्रणं झाली, त्यांत यांचं कॉर्नेट होतं. म्हणजे जॅझ हे नाव अमेरिकेत नीट रुळण्याआधीपासून जो माणूस वाजवत होता, तो अपोलो बंदरावर रोज संध्याकाळी वाजवत होता. पुढे पियानोवाले टेडी वेदरफोर्ड आले. ते इथलेच होऊन गेले आणि 1945मध्ये कोलकात्यात कॉलऱ्यानं वारले. स्वतःच्या देशात ज्यांना पुढच्या दारानं हॉटेलात शिरता येत नसे, त्या वादकांना मुंबईत मान होता, हा त्यातला एक भाग. दुसरा भाग असा की त्यांच्या ताफ्यातल्या रिकाम्या खुर्च्यांवर गोवेकर आणि अँग्लो-इंडियन पोरं बसू लागली. ही पोरं कागदावरचं अचूक वाजवणारी. कागदावर नसलेलं कसं वाजवायचं, हे त्यांना या पाहुण्यांनी दाखवलं.

आमच्या आबांना हेच कधी पटायचं नाही. लिहिलेलं आहे तर मग वाजवा की तसंच! काकांनी एकदा त्यांना त्यांच्याच भाषेत गाठलं. 'तुमचा बुवा अभंगाचं एक चरण घेतो, तासभर कुठं कुठं हिंडून येतो आणि नेमका ध्रुपदावर येऊन उतरतो की नाही? तसंच हे.' आबा वारकरी. त्यांना उत्तर सुचेना. मग म्हणाले, 'पण आमचा बुवा लोकांना नाचायला लावत नाही.' काका म्हणाले, 'मग आषाढीला पालखी आपल्या रस्त्यावरून जाते तेव्हा तुम्ही काय करता?'

ट्रंपेट हे वाद्य दिसायला सोपं. तीन खटके. त्या तीन खटक्यांच्या जमवाजमवीत सगळे स्वर काढायचे, म्हणजे उरलेलं सगळं काम ओठांचं आणि दमाचं. ओठ थरथरवून हवा सोडायची. ओठ आवळले की त्याच खटक्यावर वरचा स्वर, सैल सोडले की खालचा. दात पडले, ओठ फाटला, छाती भरली की माणूस संपला. सतारिया सत्तरीत वाजवू शकतो, ट्रंपेटवाल्याचं वय त्याच्या तोंडात असतं. काकांची पेटी आम्ही पोरांनी उघडून पाहिली होती. आत निळं मखमल, त्यावर पितळेची ती वस्तू. त्यांनी ती ओठाला लावलेली मात्र मी कधी पाहिली नाही. वरच्या पुढच्या दातांच्या जागी कवळी होती.

चिकनं सुरुवातीला स्पॉटलाइट्स नावाच्या बँडमध्ये उमेदवारी केली. मग स्वतःचा बँड उभा केला, म्युझिक मेकर्स. ताजच्या शेजारी तेव्हा ग्रीन्स हॉटेल होतं. तिथल्या कामासाठी अनेक बँडची चढाओढ झाली, ती या पोरांनी जिंकली आणि 1945च्या सुमाराला चिक अकरा जणांच्या ताफ्याचा म्होरक्या होता. त्याचं दैवत लुई आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकून ऐकून, सुई उचलून पुन्हा मागे ठेवून, त्यानं ते वाजवणं आणि ती घोगरी गाण्याची ढब, दोन्ही अंगी बाणवली. लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. अजूनही म्हणतात.

मला ही पदवी खटकते. तिच्यात कौतुक आहे, पण त्या कौतुकात गिऱ्हाइकाची सोय जास्त आहे. बोटीचं तिकीट न काढता आर्मस्ट्राँग ऐकायला मिळाला, एवढाच ग्रीन्समधल्या साहेबांचा आनंद. त्या हॉटेलात चिकनं जे स्वतःचं वाजवलं असेल ते सिगारेटच्या धुरात विरून गेलं. त्याचं टिकलेलं काम भलतीकडेच आहे, आणि ते ऐकणाऱ्यांनी आर्मस्ट्राँगचं नाव आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. त्या ऐकणाऱ्यांत आमची आत्या आहे.

दिवस फिरले ते असे. इंग्रज गेले, गोरे सोल्जर गेले, आणि 1949च्या कायद्यानं मुंबई इलाख्यात दारूबंदी आली. दारू नाही तर नाच नाही, नाच नाही तर बँड नाही. हॉटेलं लगेच ओस पडली नाहीत, पण अकरा जणांचे ताफे पोसणं अवघड होत गेलं. त्याच वेळी दादर, परळ, अंधेरीकडच्या स्टुडिओंमध्ये वाद्यवृंद फुगत होते. चाल बांधणारा संगीतकार बहुधा पेटीवर चाल सांगायचा. ती वीस-तीस वादकांना एकाच वेळी वाजवता यावी म्हणून प्रत्येकाचा भाग कागदावर उतरवून देणारा माणूस लागायचा. तो माणूस गोव्याच्या चर्चशाळेत तयार झालेला असायचा. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, जॉनी गोम्स, फ्रँक फर्नांड, आणि चिक. छडी खाऊन शिकलेली ती विद्या अशी कामाला आली. पडद्यावर मात्र त्यांचं नाव आलं तर 'सहायक' म्हणून, नाहीतर नाहीच.

चिकची गाठ पडली सी. रामचंद्र यांच्याशी. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांकडे ख्याल शिकलेले. त्यांचे, म्हणजे अण्णांचे, कान मात्र चारी दिशांना उघडे. 1950च्या 'समाधी'त त्यांनी एका गाजलेल्या लॅटिन गाण्याची चाल उचलली आणि ती इतकी देशी करून टाकली की लग्नाच्या मांडवात बायका ती म्हणू लागल्या. 'आशा' चित्रपटातल्या निरर्थक शब्दांच्या त्या धमाल गाण्यात एक कोकणी तुकडा जॉनी गोम्स यांचा आहे. उसनवारी म्हणून नाक मुरडणारे तेव्हाही होते. त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की उसनं घेतलेलं पीठ सगळेच आणतात, भाकरी थापता यावी लागते.

आणि मग 1951 साली 'अलबेला'.

भगवानदादा पालव हे गिरणगावच्या वस्तीत वाढलेले, मारधाडीच्या स्वस्त चित्रपटांवर जगलेले. अण्णांची आणि त्यांची जुनी दोस्ती. 1942च्या 'सुखी जीवन'पासून दोघांनी एकत्र कामं केलेली. 'अलबेला' भगवानदादांनीच काढला, दिग्दर्शन त्यांचं, नायक तेच, समोर गीता बाली. तो चित्रपट डेपोच्या मैदानावर दाखवला तेव्हा आत्या दहा-बारा वर्षांची होती. दोन बांबूंना पांढरा कपडा बांधलेला. जवान आणि साहेब लोक पुढच्या बाजूनं, आमच्यासारखी कामगारांची घरं पाठीमागच्या बाजूनं. पाठीमागून पाहिलं की सगळं उलटं दिसतं. आत्याच्या आठवणीतले भगवानदादा अजूनही डावखुरे आहेत. गाणी सुरू झाली की लोक उठून नाचायचे आणि पडद्यावर आणे-पैसे भिरकावायचे. पडद्याला लागून पैसे पुढच्या बाजूला पडायचे, ते जवानांना मिळायचे, याचा राग तिला सत्तर वर्षांनी अजून आहे.

त्यातल्या एका नाचात बँड पडद्यावर दिसतो. झालरी-झालरींच्या बाह्यांचे लॅटिन थाटाचे शर्ट घातलेली मंडळी, आणि त्यांच्यात ट्रंपेट घेतलेला एक सावळा माणूस. हा चिक, आणि त्याच्यासोबत त्याचीच पोरं. आत्याला नाचापेक्षा त्या झालरी लक्षात राहिल्या. घरी येऊन तिनं आजीच्या जुन्या लुगड्याच्या काठाची झालर आपल्या झंपराला लावायचा हट्ट धरला आणि मार खाल्ला. तिच्या लेखी तो माणूस अमेरिकेहून आणलेला होता. आबांच्या लेखी तो डेपोतल्या तमिळ मुकादमासारखा दिसत होता, म्हणून मद्रासचा. बँडवाले काका तेव्हा लायनीत नवे आलेले. ते गर्दीतून ओरडले, 'अरे पळयात, हो आमचो चिक!' त्यांचा आणि आबांचा तो पहिला वाद.

त्या गाण्यांत ट्रंपेट काय करतं, हे ऐकण्यासारखं आहे. भगवानदादांचे पाय फार काही करत नाहीत. अर्धं पाऊल पुढे, कंबर किंचित मोडलेली, हात हवेत पंख्यासारखे. कुणालाही जमेल असं ते नाचणं, म्हणून तर आजही वरातीतल्या प्रत्येक मामाच्या अंगात ते येतं. तो नाच सैल आहे आणि त्याच्या मागचं ट्रंपेट कडक आहे. गाण्याची ओळ संपते तिथं ते झडप घालतं, दोन-चार स्वरांत आपलं म्हणून टाकतं आणि गायकाला जागा देऊन बाजूला होतं. हॉटेलात ज्याला एका चालीवर पाच मिनिटं हिंडायची मुभा होती, त्याला इथं श्वास घेण्याएवढी जागा. त्यातही तो ओळखू येतो. माझं मत विचाराल तर त्या तंग जागेतच त्याचा आर्मस्ट्राँग गळून पडला. मावळातल्या मैदानावर, मराठी नटाच्या पायांशी आणि मराठी संगीतकाराच्या चालीशी जुळवून घेताना तो हळदोण्याचा अंतोनियो वाझ म्हणून वाजला.

त्याच वर्षी 'नादान' नावाच्या चित्रपटाला त्यानं स्वतः संगीत दिलं. देव आनंद आणि मधुबाला. त्यातलं तलत महमूद यांचं गाणं जुन्या गाण्यांचे शौकीन अजून हळुवार होऊन ऐकतात; संगीतकार चिक चॉकलेट आहे असं सांगितलं की त्यांना थट्टा वाटते. पुढच्या वर्षी 'रंगीली', 1956मध्ये निसार बाज्मींसोबत 'कर भला'. संगीतकार म्हणून गाडी तिथं थांबली. दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल, असं त्याचं चालू राहिलं.

फ्रँक फर्नांडांची गोष्ट काका वेगळ्या आवाजात सांगायचे, थोड्या आदरानं. तेही ट्रंपेटवाले. 1946 साली मसुरीला असताना त्यांची गांधीजींशी भेट झाली आणि त्यांच्या डोक्यात आलं की जॅझ वाजवायचाच तर भारतीय वळणानं वाजवावा. गोवा मुक्त झाल्यावर त्यांनी चित्रपटांत पैसा घातला. 'आमचें नशीब' 1963चा, 'निर्मोण' 1966चा, दोन्हीला क्रिस पेरींचं संगीत. 'निर्मोण'वरून पुढे हिंदीत 'तकदीर' निघाला. फर्नांड 2007पर्यंत जगले. चिकला एवढं आयुष्य मिळालं नाही. मे 1967मध्ये तो गेला. वय पन्नाशीच्या जेमतेम पलीकडे.

आमचा एक भाचा तळेगावकडच्या बँडपार्टीत ट्रंपेट वाजवतो. लग्नसराईत लाल कोट, गणपतीत भगवा फेटा. 'अलबेला'तली दोन गाणी वाजल्याशिवाय मावळात वरात पुढे सरकत नाही, आणि त्यातल्या ट्रंपेटच्या जागा तो अगदी मूळच्यासारख्या घेतो. कुठून शिकलास विचारलं तर उस्तादाकडून. उस्ताद कुठून शिकला? त्याच्या उस्तादाकडून. भगवानदादा त्याला ठाऊक, अण्णा ऐकून ठाऊक. 2016मध्ये मंगेश देसाई आणि विद्या बालन यांचा 'एक अलबेला' आला तेव्हा ही सगळी पार्टी मिळून पाहायला गेली होती. चिकच्या जन्माचं ते शंभरावं वर्ष होतं. महाराष्ट्रात ते कुणाच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही. माझ्याही आलं नव्हतं.

मागच्या दिवाळीत आत्या घरी आली होती. ऐंशी उलटली, पण नजर अजून धड. मी तिला फोनवर चेतन आनंद यांच्या 'आखरी खत'मधलं गाणं लावून दाखवलं. 1966चा चित्रपट, खय्याम यांचं संगीत, पडद्यावर गाणारे कोवळे भूपिंदर सिंग. आणि मध्ये ट्रंपेट घेऊन चिक. मरणाच्या वर्षभर आधीचा. ट्रंपेट आता झडप घालत नाही, गाण्याच्या अंगाअंगानं सावकाश चालतं. मी गाणं थांबवून चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हटलं, आत्या, हाच तो तुझा डेपोच्या पडद्यावरचा माणूस.

तिनं फोन लांब धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला.

'काहीतरीच सांगतोस,' ती म्हणाली. 'ह्याच्या बाह्यांना झालर कुठाय?'